पाचवी पोळी

पंचवीस वर्षे मी जेवण्याचे काम केले. कोणी गवंडीकाम करतो, कोणी कचेरीत कारकुनी करतो, तसा मी जेवत होतो. दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाला गोड सोडल्याची हकीकत सांगणे बरे नव्हे, हे मला समजते. हातात करंजी असेल तर आधी ती संपवून घ्या. मी थांबतो. थांबण्याची सवय मला आता झाली आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी धंदा समजावून सांगतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि या गंगेवर आपल्या गेलेल्या माणसांचे श्राद्ध करायला लांबलांबून लोक येतात. विधी सांगतात ते उपाध्ये. पण विधी झाला की गेलेल्या माणसाच्या जागी कोणीतरी पानावर बसून जेवावे लागते. तो पोटभर जेवला की ते पितरांना पोचले, अशी श्रद्धा आहे. त्या जागी बसणारा मी. या आमंत्रणाला आमच्यात 'क्षण' म्हणतात. सकाळी घाटावर आम्ही दोघे भेटलो की 'बरे आहे ना?' असे विचारत नाही, 'आज क्षण कुठे?' असे विचारतो.

जेवण्यात कसले आले आहे काम, असे वाटेल. पण नियम कडक असतात. जेवताना बोलायचे नाही. भाजी चांगली झाली, मीठ कमी पडले, खीर लागली, एक अक्षर नाही. बोलले की पितर पानावरून उठून जातात म्हणे. हवे-नको ते हाताने दाखवायचे. शेवटी यजमानाच्या वतीने उपाध्ये विचारतात, "तृप्ताः स्थ?" म्हणजे तृप्त झालात ना? आपण म्हणायचे, "तृप्ताः स्मः." झालो. साऱ्या जेवणात आमच्या वाट्याला एवढेच दोन शब्द येतात. तेच दोन शब्द मी एकदा खोटे बोललो.

पण आधी बढाई मारून घेतो. मी चांगला जेवणारा होतो. सुरुवातीला पाणी प्यायचे नाही, भाताला फारसा हात लावायचा नाही, गोडाबरोबर कढीचा एखादा घोट घेत राहायचे म्हणजे जीभ थकत नाही, या गोष्टी मला कोणी शिकवल्या नाहीत, अनुभवाने आल्या. बारा पुरणपोळ्या मी यजमानाकडे न बघता खात असे. "माझ्या आजोबांच्या पानावर विष्णुभटच पाहिजेत," असे म्हणणारी घराणी होती. पितृपक्षात तर मी एका दिवसात दोन-दोन क्षण घेतले आहेत. एका दिवशी दोन ठिकाणी पितर होऊन जेवणे शास्त्राला मान्य नाही. दहाला एकाचा बाप, दोनला दुसऱ्याचा आजा. मला तेव्हा त्याचे काही वाटले नाही. आता वाटते.

यजमान तऱ्हेतऱ्हेचे. एकदा सटाण्याकडचा एक शेतकरी आला. त्याने पानावरची खीर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "मना बापले गोड चाले नही, भटजी. ठेचा लागे." घरात ठेचा केला. मी मुकाट्याने खाल्ला. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, कान तापले. बोलायचे तर नाही! तो माणूस माझ्याकडे टक लावून पाहत होता. एकदम त्याने आपल्या भावाला कोपराने ढोसले. "दखा, दखा! बाप रडी ऱ्हायना!" दोघे भाऊ पानासमोर आडवे पडून रडू लागले. मीही रडत होतोच. इतके मनापासून झालेले श्राद्ध मी दुसरे पाहिले नाही.

आमच्याकडची सोय अशी होती की काही यजमान कच्चा शिधा आणून देत. त्याचा स्वयंपाक माझ्याच घरी, आमच्या मंडळींच्या हातचा व्हायचा, आणि जेवणाराही मीच. कर्मठ लोक याला नाके मुरडत. पण माझी बायको स्वयंपाकाला सोवळ्यात बसली की तिच्या पोळीचा वास पलीकडच्या आळीपर्यंत जाई, आणि नाके मुरडणारेच आधी विचारत, "आज कोणाचे श्राद्ध?"

एवढे जेवल्यावर माणसाचे काय व्हायचे ते झाले. आधी मला टांगेवाल्याने सांगितले. आमच्या पंचवटीत कासमभाई म्हणून टांगा हाकतात. माझी त्यांची जुनी ओळख. एकदा मी टांग्यात मागे बसलो आणि पुढची दांडी वर जाऊन घोड्याचे पुढचे पाय जमिनीवरून सुटायला आले. याला टांगा उलार होणे म्हणतात.

"पंडतजी, पुढं बसा," कासमभाई म्हणाले.

पुढे बसलो. घोडा गुडघ्यात वाकला.

"या अल्ला," ते म्हणाले. "मागं बसला तर घोडा उडतो, पुढं बसला तर नमाज पढतो. आता तुम्हीच सांगा, कुठं ठेवू तुम्हाला?"

तरीही त्यांनी मला नाशिकरोड स्टेशनवर नेले आणि पार्सलच्या काट्यावर उभे केले. पार्सलबाबूने वजने चढवत नेली. दोन मण सव्वीस शेर! "लेबल चिकटवू का?" त्याने विचारले. भोवतालचे हमाल हसले. मीही हसलो. आमच्या धंद्यात पोट ही लाज नव्हे, पाटी असते.

मग पौषात घाटाच्या पायरीवर ठेच लागून पायाचा अंगठा फुटला. महिना झाला तरी जखम भरेना. त्याच सुमारास बायको एके सकाळी मोरीशी उभी राहून खाली पाहत होती. "अहो," ती म्हणाली, "मोरीला मुंग्या लागल्यात. इतक्या. आणि तुमच्यानंतरच लागतात." मी म्हटले, "उन्हाळा जवळ आला." तिने लुगड्याचा पदर खोचला आणि मला डॉक्टरांकडे पाठवले.

डॉक्टरांनी एका काचनळीत निळे पाणी घेतले, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवले. निळे पाणी हिरवे झाले, पिवळे झाले, आणि बघता बघता विटेसारखे लाल झाले. मला ते पाहून गंमत वाटली. डॉक्टरांना वाटली नाही.

"भटजी, साखर बंद. गूळ बंद. भात जवळजवळ बंद. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, ताक. रोज चालायचं. वजन उतरवा, नाहीतर आज अंगठा आहे, उद्या पाय जाईल."

"डॉक्टरसाहेब, माझा धंदा जेवण्याचा आहे."

"मग धंदा करायला पाय लागतील ना? पाटापर्यंत चालत जावं लागतं."

घरी नियम सुरू झाले. चहा बिनसाखरेचा. तो पहिला घोट मला अजून आठवतो. कोणी गेल्याची तार हातात पडावी तसा. बायकोने साखरेचा डबा उचलून शेजारी नेऊन ठेवला. मी सारे निमूटपणे ऐकले. आणि त्याच आठवड्यापासून मी फार देवभक्त झालो. सकाळी एका देवळात, तिथून दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. पंचवटीत देवळांना तोटा नाही, आणि प्रसादाला नाही म्हणू नये असे लहानपणापासून शिकवलेले. कुठे पेढा, कुठे साखरफुटाणे, एकादशीला सुंठवडा. बायको शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "दुखणं आल्यापासून यांचं देवाकडे मन लागलंय." डॉक्टरांच्या नळीतले पाणी मात्र लालच्या लाल. शेवटी उपरणे धुताना तिला त्याच्या गाठीत तीन पेढे सापडले.

ती ओरडली नाही. पेढे माझ्यासमोर पाटावर ठेवले आणि म्हणाली, "देवाला तरी मध्ये घालायचं नव्हतंत." एवढेच. मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी खरोखर सोडले. क्षणाच्या पानावरही गोडाचे अगदी थोडे घ्यायचे आणि मग हात आडवा धरायचा, असे ठरले. बहुतेक यजमानांना गाडी गाठायची घाई असते. कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

फाल्गुनात विंचूरकडची एक बाई आपल्या कर्त्या मुलाला घेऊन आली. भागाबाई तिचे नाव. नवऱ्याचे वर्षश्राद्ध होते. बरोबर स्वतःच्या शेतातली हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप आणि तुपाचे मडके. मुलगा सखाराम विधीला बसला. भागाबाई आमच्या अंगणात तुळशीपाशी बसून राहिली. तिथून दार उघडे ठेवले की माझे पान सरळ दिसत होते.

पहिली पोळी खाल्ली. दुसरी खाल्ली. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास सबंध घरात कोंडला होता. तिसरी घेऊन बायको आली, तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. खरे सांगतो, तो हात धरताना मला स्वतःच्या मनगटाचा राग आला.

अंगणातून आवाज आला. "वाढा ना वो काकू, लाजू नगा. त्यांला पाच लागायच्या."

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा हात आडवा धरला.

"दोनच?" भागाबाई म्हणाली. "सख्या, दोनच खाल्ल्या रं."

सांगायला तोंड उघडता येत नव्हते. नियम तसा. मी मान खाली घालून कढी पीत राहिलो. उपाध्यांनी विचारले, "तृप्ताः स्थ?" मी म्हणालो, "तृप्ताः स्मः." पोटात सहा पोळ्यांची जागा रिकामी होती.

पण माझी चूक ती नव्हे. ती पुढेच झाली. हात धुऊन मी अंगणात आलो. आता बोलायला मोकळा होतो. भागाबाई उठून उभी राहिली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "भटजीबुवा, पोट भरलं ना?"

उपाध्ये शेजारीच उभे होते. विष्णुभटाला साखरेचा रोग लागला, ही बातमी घाटावर गेली की संध्याकाळपर्यंत माझे क्षण दुसऱ्याकडे जाणार. जेवू न शकणारा जेवणारा कोणाला हवा? हे सारे क्षणात माझ्या मनात येऊन गेले आणि मी म्हणालो, "भरलं की! अगदी आकंठ." एवढ्यावर थांबलो नाही. तिची खात्री पटावी म्हणून एक मोठी ढेकर काढून दाखवली. पंचवीस वर्षांच्या सरावाने ढेकर मला हवी तेव्हा देता येते. इतकी सफाईदार ढेकर मी आयुष्यात दिली नसेल.

ती मुलाचा हात धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कासमभाई मुद्दाम माझ्या दाराशी टांगा थांबवून उतरले. "पंडतजी, काल तुमच्याकडून स्टेशनवर एक बाई नेली. सारा रस्ता रडत होती."

"का?"

त्यांनी सांगितले ते असे. गेल्या होळीला भागाबाईने पोळ्या केल्या. नवऱ्याने चार खाल्ल्या आणि पाचवी मागितली. पाहुणे यायचे होते, पोळ्या मोजक्या उरल्या होत्या. ती म्हणाली, "पोट हाय का पोतं?" म्हाताऱ्याने ताटात हात धुतले आणि उठला. आठवड्याभरात तापाने गेला. शेवटपर्यंत त्याने तिच्याकडे खायला काही मागितले नाही.

"आणि काल म्हणत होती," कासमभाई म्हणाले, "पाच वाढायला आणल्या, तर मालक दोनावरच उठला. म्हणे, अजून रुसलाय. माफ करत नाही." मग म्हणाले, "पंडतजी, तुम्ही तर दोन पोळ्या उभ्याउभ्या खाता. काल काय झालं होतं?"

मी त्यांना सगळे सांगितले. उपाध्यांना जे सांगितले नाही, ते टांगेवाल्याला सांगितले. ते घोड्याची आयाळ खाजवत ऐकत राहिले.

"मग जा विंचूरला," ते म्हणाले. "सकाळची गाडी आहे. लासलगावला उतरा, पुढं बैलगाडी मिळेल. चार शब्द बोलून या. मी स्टेशनवर सोडतो, काही देऊ नका."

"पुढच्या आठवड्यात जातो," मी म्हणालो.

वाचकहो, तो पुढचा आठवडा आला नाही. एकदा कार्ड लिहायला घेतले. पण तिला वाचता येत नसणार; गावातला कोणीतरी चावडीवर मोठ्याने वाचणार, आणि विंचूरहून नाशिकला यायला बातमीला तिकीट लागत नाही. कार्ड फाडले. आणखी एक लिहिले, तेही फाडले. कासमभाई दर महिन्याला मला काट्यावर नेत आणि वाटेत दरवेळी एकच विचारत, "गेला होता?" मी म्हणे, "जाणार आहे." मग ते घोड्याशी बोलत.

वजन मात्र उतरत गेले. रोज सकाळी गंगापूरच्या रस्त्याने चालत जायचे आणि यायचे. बायकोने भाकरीबरोबर काय काय दिले नाही! मेथी, चाकवत, चुका, अंबाडी, लाल भोपळ्याची पाने, आणि एकदा मला न सांगता मुळ्याचा पाला. पहिले दोन महिने स्वप्नात जिलब्या येत. मग त्या यायच्या थांबल्या, आणि एके दिवशी नुसत्या ताज्या ताकात मला गोडी लागली. आधी वाटले, बायकोने चुकून साखर घातली. तिने शपथ घेतली, नाही म्हणून. इतकी वर्षे मी गोड खात होतो, पण गोड कशाला म्हणतात हे मला त्या ताकाने सांगितले. अंगठा आषाढात भरला. डॉक्टरांच्या नळीतले पाणी दिवाळीपर्यंत निळसर हिरवे राहू लागले. पार्सलबाबू म्हणाला, "भटजी, असेच उतरत राहिलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला पोस्टाने पाठवता येईल."

आणि ज्या भीतीने मी खोटे बोललो, ते झालेच. पोट गेले तसे क्षणही गेले. एकदा उपाध्ये माझ्याकडे बघून म्हणाले, "विष्णू, पूर्वी तू बसलास की पाट दिसत नसे. आता दोन्ही बाजूंनी दिसतो. यजमान विचारतात, भटजी आजारी आहेत का? आजारी माणसाच्या पानावर आपला बाप कोण जेवू घालील?" म्हणजे लपवून मी काहीच वाचवले नाही. एका बाईला वर्षभर रडवले, तेवढे फक्त झाले.

पुन्हा फाल्गुन आला. तिथीच्या दिवशी सकाळपासून मी घरात येरझारा घालत होतो. येईल की नाही? आली तर काय सांगू? तेवढ्यात उपाध्यांबरोबर ती अंगणात आली. मागे सखाराम, डोक्यावर गेल्या वर्षीपेक्षा मोठी गुळाची ढेप. मी ओटीवर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि माझ्या मागे कोणाला तरी शोधू लागली.

"ते भटजी कुठं हायेत?" तिने उपाध्यांना विचारले. "म्या त्यांच्यासाठीच आले. त्याच बामनाला जेवू घालायचं हाय."

"हेच ते."

"हे नव्हं. ते चांगले जाडजूड व्हते."

"अहो, हेच विष्णुभट."

ती दोन पावले पुढे आली. तिने माझे तोंड निरखले, मग गळा, मग हात. तिचा चेहरा पांढरा पडला. मुलाकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, पण मला ऐकू आले. "सख्या, म्या म्हनले नव्हते? उपाशी उठला तुझा बा. आन् ह्याच बामनाला लागला. वाळवून काढलं रं बिचाऱ्याला." मग माझ्याकडे बघून तिने हात जोडले. "भटजीबुवा, माझ्यामुळं झालं हे. माझ्या जिभेमुळं."

मी एक वर्ष वजन उतरवत होतो, आणि ती त्याचा भार स्वतःच्या डोक्यावर घेत होती. पुढे मला ऐकवेना. मी ओटीच्या पायरीवर बसलो.

"भागाबाई, तुमचे यजमान कोणाला लागलेले नाहीत. मला साखरेचा रोग आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलं, म्हणून मी वाळलो. मुद्दाम वाळलो. गेल्या वर्षी दोन पोळ्यांवर हात आडवा धरला तो मी, त्यांनी नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा पोट भरलं म्हणालो, ते खोटं."

"आन् ती ढेकर?"

"तीही खोटी."

उपाध्ये खोकले आणि तुळशीकडे पाहू लागले. सखाराम हसू दाबायला दुसरीकडे वळला. भागाबाईने मात्र विचारले,

"म्हंजी ते रुसले नव्हते?"

"नाही."

"नक्की?"

"जेवणारा मी होतो. मला माहीत आहे."

ती मटकन खाली बसली. मग तिचा आवाज असा निघाला की आळीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"मंग हे गेल्या साली सांगायला तुमची जीभ झिजत व्हती का वो? वरीसभर म्या रोज भाकर बाजूला काढली त्यांच्या नावानं! कावळ्यानं नेली तरी मन भरंना, कुत्र्यानं नेली तरी भरंना. लोक म्हनले, म्हातारी खुळावली. शिकलेसवरलेले ना तुम्ही? येक माणूस धाडायचा व्हता!"

मी हात जोडले. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी "अहो, हे काय!" म्हणाले, पण मी हात खाली घेतले नाहीत.

राग ओसरल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "आता? आता बी दोनच खानार?"

ते मात्र अवघड होते. दोनच खाल्ल्या तर कारण कळूनही तिच्या मनात ती पाचवी पोळी तशीच राहणार. पाच खाल्ल्या तर वर्षभराचे निळे पाणी पुन्हा लाल. मी अंगठ्याकडे पाहिले. मग म्हणालो, "खाईन. पाच खाईन."

"नाही खायच्या!"

आतून आवाज आला. माझी बायको हातात लाटणे घेऊन उंबऱ्यात उभी होती. श्राद्धाच्या दिवशी तिचा आवाज मी कधी बाहेर ऐकला नव्हता. ती भागाबाईला म्हणाली, "बाई, तुमच्या यजमानांना पाच लागायच्या ना?"

"व्हय."

"पोळी केवढी असावी, हे त्यांनी कधी सांगितलं होतं?"

भागाबाईने विचार केला. "ते कशाला सांगत्यात? लाटनारी लाटल तेवढी."

"आज लाटणारी मी आहे," बायको म्हणाली आणि आत गेली.

भागाबाई मग तोंडावर पदर घेऊन हसली. वर्षानंतर हसत असावी, कारण हसताना तिला ठसका लागला आणि सखारामाने पाणी आणून दिले.

पुरीएवढ्या पोळ्या झाल्या. आत पुरण नावाला. भागाबाई तुळशीपाशी बसून मोठ्याने मोजत होती, "येक... दोन..." सखाराम विधीच्या पाटावरून मान वळवून पाहत होता. "तीन... चार..." उपाध्येही ओठांतल्या ओठांत मोजत होते. पाचवी पानावर पडली तेव्हा तिने मोजले नाही. ती पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून, गप्प बसली. मी पाचवी पोळी हळूहळू खाल्ली. एवढीशी पोळी इतक्या सावकाश मी कधी खाल्ली नाही. शेवटचा घास गिळला तशी ती स्वतःशीच म्हणाली, "धाले बाई ते, पोट भरलं."

"तृप्ताः स्थ?" उपाध्यांनी विचारले.

पोटात अजून पुष्कळ जागा होती. पण मी ते दोन शब्द म्हणालो आणि ते खरे होते. ढेकर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वजनासाठी कासमभाईंच्या टांग्यापाशी गेलो. काल तीच बाई त्यांच्याच टांग्यातून स्टेशनवर गेली होती.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"पंडतजी, पुसू नका. सारा रस्ता मला शिव्या देत गेली."

"तुम्हाला? कशाबद्दल?"

"घोड्यावरून! म्हणे याच्या बरगड्या दिसतात, चंदी कमी घालतोस, मुक्या जनावराचं पोट मारतोस. स्टेशनवर उतरली, शिदोरीतली एक भाकर काढली आणि स्वतःच्या हातानं याला चारली. वर मला बजावलं, पुढच्या फाल्गुनात येऊन बघते म्हणून."

"रडली नाही?"

"रडायला तिला फुरसत कुठं होती?" कासमभाईंनी लगाम उचलला. "बसा. मागंच बसा आता."

मी मागे बसलो. दांडी जागची हलली नाही. घोड्याने एकदा मान वळवून, आज कोणी भाकरी आणली आहे का ते पाहिले, आणि चालू लागला.